मेणाच्या बाईतली चूक

मोतीरामजी धकात्यांवर माझा राग आहे. ते जाऊन आता वर्ष होत आलं, तरी आहे. मी आजवर मुख्याध्यापकांशी, प्राचार्यांशी, स्टोअरकीपरांशी, ट्रकवाल्यांशी घासाघीस करत आलो आणि बहुतेक वेळा माझंच खरं केलं. या एका माणसापुढे मात्र दरवेळी हरलो, आणि आपण जिंकलो हे त्यांच्या गावीही नसायचं. हरण्यापेक्षा ते जास्त लागतं.

माझा धंदा प्रयोगशाळेच्या सामानाचा. सायकलच्या कॅरियरवर खडूचे डबे बांधून शाळाशाळांतून फिरलो तिथून सुरुवात. आता नागपुरात प्रताप नगरला दुकान आहे, मनीषनगरच्या पुढे गोदाम आहे. सांगाडे, तक्ते, काचेच्या बरण्या, फायबरची हृदयं आणि मेंदू, सगळं पुरवतो. कुठे जुनं सामान निघालं की लिलावात तेही उचलतो. असाच एका जुन्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागाचा लॉट मी घेतला. तिथे आता माणूस आडवा-उभा कापून दाखवणारी स्क्रीनची टेबलं येणार होती, म्हणून जुनं संग्रहालय रिकामं करायचं होतं. माझा डोळा सागवानी कपाटांवर होता. कपाटांत काय आहे ते मी नीट पाहिलंही नव्हतं.

आत होती मेणाची शरीरं. इंग्रजांच्या काळात बोटीने आलेली. देवीचे फोड उठलेला एक चेहरा, टरबुजाएवढा कान, कोपरापासूनचा एक हात, ज्यात प्रत्येक नस वेगळी दिसते. आणि मधल्या मोठ्या काचेच्या पेटीत पूर्ण मापाची एक बाई. उताणी निजलेली, डोळे अर्धवट मिटलेले, डोक्यावर खरे केस. पोटावरचं झाकण उचललं की आतला एकेक अवयव सुटा निघायचा. त्या काळी चिरफाडीला प्रेत मिळायची मारामार, आणि मिळालं तर आपल्या इथल्या उन्हात टिकायची मारामार. तेव्हा डॉक्टर होणारी पोरं हिच्यापुढे उभी राहून शिकली.

एप्रिलची दुपार होती. माझे हमाल ती पेटी उचलून ट्रककडे निघाले, तेवढ्यात डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळलेला एक किडकिडीत म्हातारा आडवा आला.

"असं नेता काय गा बाईले? एवढ्या उन्हात?"

"मग कशी नेऊ? पालखीत?"

"सूर्य बुडू द्या. आता नेली तर मनीषनगरला मोमबत्ती उतरवसान."

मी म्हणालो, बाजूला व्हा. ते बाजूला झाले आणि जाऊन ट्रकच्या पुढच्या चाकाला टेकून बसले. भांडले नाहीत, ओरडले नाहीत. खिशातून शेंगदाणे काढून खात बसले. मी शिव्या दिल्या, ड्रायव्हरने हॉर्न दिला, चौकीदाराने हात जोडले. संध्याकाळी ऊन उतरल्यावर ते स्वतः उठले, ओली गोणपाटं आणून पेटीवर घातली आणि ट्रकमध्ये पेटीजवळ जाऊन बसले. गोदामापर्यंत आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

तेव्हा कळलं की हे त्या विभागातले जुने मॉडेलर. नोकरीतली सगळी वर्षं याच मेणाच्या शरीरांची निगा राखण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावरही आठवड्यातून एकदा चक्कर मारायचे.

मेणाच्या या वस्तूंना किंमत आहे हे मला दोन दिवसांत फोनवरून कळलं. पण तडे गेलेली बोटं, उडालेला रंग, कानाची फुटलेली पाळी, हे कोण करणार? सबंध नागपुरात एकच माणूस होता. मी त्यांना बोलावून मजुरीचं विचारलं. ते म्हणाले, "ते तुम्ही द्यान ते द्या." असं म्हणणारा माणूस सगळ्यात वाईट. त्याच्याशी घासाघीस कुठून सुरू करायची? मग त्यांनी अटी सांगितल्या. खोली उत्तरेकडची, वर टिनाचं छत नको. दाराला ओली गोणपाटं राहतील. कूलरचं तोंड बाईकडे करायचं नाही. आणि ते स्वतः हो म्हणेपर्यंत बाई कोणाला दाखवायची नाही.

"काहून?" मी विचारलं.

"अजून तिचं काम व्हायचं आहे."

"दिसायला तर चांगली आहे."

"दिसायले तुम्हीही चांगलेच आहा," ते म्हणाले.

मी सगळ्या अटी मान्य केल्या. माझं गोदाम, माझी बाई, आणि अटी त्यांच्या.

मोतीरामजी मूळचे खाप्याचे, कोष्ट्याच्या घरचे. पाय जमिनीला टेकायच्या आधी मागावर बसले, असं सांगायचे. बापाचा माग बंद पडल्यावर नागपूरला आले, गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत खोली घेतली आणि मेडिकलमध्ये रोजंदारीवर झाडू मारायला लागले. तिथल्या प्रोफेसरांनी एकदा पाहिलं, की झाडूवाला तुटलेला रेशमी धागा मांडीवर वळून असा जोडतो की जोड सापडत नाही. या मेणाच्या शरीरांतल्या बारीक शिरा म्हणजे मेणात बुडवलेले रेशमाचे धागेच असतात. प्रोफेसरांनी झाडू काढून घेतला आणि हातात चिमटा दिला.

इंग्रजी लेबलं त्यांना वाचता यायची नाहीत. शरीर त्यांनी आपल्या घरच्या भाषेत पाठ केलं होतं. बरगड्यांना ते फणी म्हणायचे, मागावरची धागे वेगळे ठेवणारी फणी. शिरा म्हणजे ताणा. आणि मेणाच्या त्या आकृतीला कधी मॉडेल म्हणायचे नाहीत. बाई. "आज बाईले घाम येऊन राहिला" म्हणजे मेणावर ओल आली आहे. संध्याकाळी जाताना तिच्या अंगावर एक सुती लुगडं पांघरूनच जायचे. माझा मॅनेजर एकदा हसला. मोतीरामजींनी त्याच्याकडे पाहून विचारलं, "तुमच्या घरच्याईले थंडी-वारा नाही लागत काय?" तो पुन्हा हसला नाही.

थर्मामीटरवर त्यांचा विश्वास नव्हता. खिडकीच्या चौकटीवर बोराएवढी मेणाची गोळी ठेवलेली असायची. येता-जाता तिच्यावर अंगठा टेकायचे. ठसा उमटला नाही तर ठीक. हलका उमटला तर गोणपाटं भिजवा. ठसा खोल गेला तर सगळी कामं सोडून बादल्या उचला, मग तुम्ही मालक असा की चहावाला. मे महिन्यात मी स्वतः बादल्या उचलल्या आहेत. समोर जी.एस.टी.वाला बसलेला, आणि मी बादली घेऊन पळतो आहे.

मेणाच्या बाबतीत माझी एक लबाडी त्यांनी पकडली ती सांगतो. दुरुस्तीला मधमाशीचं मेण लागतं, राळ लागते. शुद्ध मेण महाग. मी मेणात निम्मं मोमबत्तीचं मेण मिसळून वडी करून आणली. रंग सारखा, वास सारखा. मोतीरामजींनी तुकडा तोडून तोंडात टाकला, गाईसारखा रवंथ केला आणि अंगणात जाऊन थुंकले.

"कोणी फसवलं तुम्हाले?"

मी म्हणालो, बाजारातून आणलं.

"मंग त्या बाजारवाल्याले सांगा, मोमबत्ती दाताले चिकटत नाही. मधमाशीचं चिकटते." थोडं थांबून म्हणाले, "आणि त्याले म्हणा, रागावलो नाही. गरिबी पाहिली असन त्याने."

मी त्याच दिवशी शुद्ध मेण आणलं. रागावले असते तर आणलं नसतं.

मेच्या मध्यावर एका नव्या खाजगी मेडिकल कॉलेजचे अध्यक्ष मला भेटले. त्यांना प्रवेशद्वाराच्या हॉलमध्ये काहीतरी जुनं, भारदस्त ठेवायचं होतं. मी बाईचे फोटो दाखवले. ते दुसऱ्याच दिवशी यायला निघाले. मोतीरामजींची अट मला आठवत होती. पण असं गिऱ्हाईक काही दर वर्षी चालून येत नाही. मी त्यांना न सांगता माणसं बोलावली.

अध्यक्ष आले, बरोबर त्यांचे डीन, जाड चष्म्याचे, कमी बोलणारे. अध्यक्ष बाईभोवती फिरून वाहवा करत होते. मी झाकण उचलून एकेक अवयव बाहेर काढून ठेवत होतो. पोटाची मागची भिंत उघडी पडली. तिच्यावर दोन जाड नळ्या, एक लाल, एक निळी. बोलणी जवळजवळ जमली होती. कोपऱ्यात उभे असलेले मोतीरामजी पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, हे चूक आहे."

"काय चूक आहे?"

"ही लाल नळी माणसाच्या डाव्या अंगाले पाहिजे. निळी उजव्या. इथी उलटं आहे. मी केलं. माझी चूक आहे."

डीन वाकले, चष्मा वर केला, पाहिलं आणि मान हलवली. अध्यक्ष मागे सरले. "पोरांना शिकवायचं आहे हो. चुकीची वस्तू कशी घेऊ? दुरुस्त करा, मग पाहू." आणि गेले.

त्यानंतर मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. अध्यक्षांना दिसलं नसतं, डीन गप्प बसले असते, बाई हॉलमध्ये शोभेला राहिली असती. कोणाचं काय बिघडत होतं? मी त्यांना निघून जा म्हणालो. ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हजर. माझ्याकडे न पाहता गोळीवर अंगठा टेकवला आणि गोणपाटं भिजवायला लागले. मी महिनाभर त्यांच्याशी बोललो नाही. ते रोज आले. बाई उन्हात सोडून माझ्यावर रुसायला त्यांना वेळ नव्हता.

पावसाळ्यात बोलणं सुरू झालं, कामापुरतं. मोठं काम थंडीतच होतं, मेण तेव्हाच ऐकतं, असं ते म्हणायचे. म्हणून मी दिवाळीपर्यंत थांबलो. दिवाळी झाली. त्यांनी चूल पेटवली, मेण पातळ केलं, रेशीम काढलं, पाटावर बसले. आणि तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी तेच. आठवडाभर तेच. चिमटा उचलायचे, धाग्याजवळ न्यायचे आणि परत खाली ठेवायचे.

"काय झालं मोतीरामजी? माझा राग आला काय अजून?"

"तुमचा काहून येईन? तुम्ही तर असेच आहा."

"मग?"

त्या दिवशी त्यांनी सांगितलं. बाहेर उन्हात दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो होतो.

फार वर्षांपूर्वी, ते रोजंदारीवर असताना, एका सुट्टीत संग्रहालयातल्या कूलरची मोटर जळाली आणि बाईच्या पोटाची मागची भिंत खचली. थंडीत ती नव्याने करायचं काम त्यांच्याकडे आलं. काम साच्यात करायचं होतं, पालथं. बाईची पुढची बाजू खाली, आपण मागून धागे बसवायचे. प्रोफेसरांनी तीनतीनदा बजावलं, "मागून काम आहे धकाते, उजवं-डावं उलट होईल, ध्यानात ठेव." आता कोष्टी पदराची नक्षी विणतो तेव्हा कापडाची सुलटी बाजू खालीच असते. उलटीकडून पाहून सुलटं उमटवायची सवय त्यांच्या हाताला लहानपणापासूनची. हाताने आपलं काम न सांगता केलं. आणि प्रोफेसरांचं बोलणं ध्यानात ठेवून डोक्याने पुन्हा एकदा उलटवलं.

"एकदा हातानं फिरवलं, एकदा डोक्यानं फिरवलं. दुसरा कोणी असता तर त्याचं बरोबर आलं असतं. मी कोष्टी होतो म्हणून चुकलं."

तेव्हा चूक कोणीच दाखवली नाही. भिंत बसली, शाबासकी मिळाली, काही वर्षांनी नोकरी पक्की झाली. मग काही महिन्यांतच तोंडी परीक्षेच्या दिवशी ते व्हरांड्यात काचा पुसत होते. एक मुलगी बापापुढे रडत होती. उमरेडची, त्यांच्याच समाजातली. बाप मागावरून उठून आल्यासारखा, धोतरावर सुताचे तंतू. मुलगी म्हणत होती, "बाबा, मी त्या मेणाच्या बाईत पाहून पाठ केलं होतं. सर म्हणाले उलटं आहे. तिच्यातच उलटं आहे तर मी काय करू? नापास झाले मी."

मोतीरामजी त्याच दिवशी शवविच्छेदनाच्या हॉलमध्ये गेले. टेबलावर पोट उघडलेलं होतं. लाल नळी डावीकडे.

"पोट्टीनं बाईवर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला. बापानं माग विकला असन तिले शिकवाले. आणि मी काय केलं? गप्प बसलो. पक्की नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. पेटीची चाबी सरांपाशी. दुरुस्त करायची तर सांगावं लागते, काहून उघडून राहिलो म्हणून. नाही सांगितलं."

"आणि ती?"

"मले काय माहीत? शिकली का घरी बसली. उमरेड किती लांब आहे गा? तासाभराचं. एकदा गेलो होतो. बसस्टँडवर चहा पेलो आणि त्याच गाडीनं वापस आलो. तिचा बाप भेटला असता तर काय सांगतलं असतं? आता चिमटा हाती घेतला की ते पोरगी समोर येते. तिचं वाटोळं करून मी आता गुपचूप चूक पुसून टाकू काय?"

मी फार कनवाळू माणूस नाही. मला एवढं दिसलं की या मुलीचा निकाल लागल्याशिवाय बाई दुरुस्त होत नाही, आणि बाई दुरुस्त झाल्याशिवाय अध्यक्ष येत नाहीत. उमरेडला एका शाळेत मी तक्ते पुरवतो. तिथल्या शिपायाला फोन केला. कोष्टी समाजातली, मेडिकलला गेलेली, आता साठीच्या आसपास असेल अशी बाई. अर्ध्या तासात त्याचा फोन आला. "सुनंदाताई डॉक्टर? त्याईले कोण नाही ओळखत? माझे दोन्ही पोट्टे त्याईच्याच हातचे."

म्हणजे ती डॉक्टर झाली होती. मी मोतीरामजींना सांगितलं. त्यांचा विश्वास बसेना. "दुसरी असन," म्हणाले. "तीच असन तरी मनात ठेवूनच असन." मी त्यांना दंडाला धरून गाडीत बसवलं. ते बसले, पण उमरेडला दवाखान्यापुढे गाडी थांबल्यावर उतरेनात. दार आतून धरून ठेवलं.

मी एकटा आत गेलो. बाहेर बायकांची गर्दी. नंबर लावायला सांगणाऱ्या बाईशी मी भांडलो, आणि त्या आवाजाने डॉक्टरीणबाईच बाहेर आल्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला.

"पेशंट कोण आहे?"

"पेशंट गाडीत आहे. उतरत नाही."

त्या माझ्या मागून रस्त्यावर आल्या, गाडीच्या खिडकीत वाकल्या. मोतीरामजींनी हात जोडले.

"अहो, तुम्ही मेणाच्या बाईवाले काकाजी ना? धकाते काकाजी?"

"बाई, माझ्यामुळे तुम्ही नापास झाल्या," मोतीरामजी म्हणाले. मागेपुढे काही नाही, एकदम तेच. "ते उलटं मीच केलं होतं. त्या दिवशी व्हरांड्यात मी ऐकलं सगळं."

डॉक्टरीणबाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला. मग त्यांना आठवलं, आणि त्या मोठ्याने हसल्या. समोरच्या माणसाचा चेहरा पाहून तितक्याच झटक्यात थांबल्या.

"काकाजी, मला सरांनी ते विचारलंच नव्हतं. मनगटाची हाडं विचारली होती. आठ असतात, मला पाच आली. अभ्यासच नव्हता केला, पंधरा दिवस मैत्रिणींबरोबर उंडारत होते. बाबा समोर आले, त्यांना काय सांगू? मेणाच्या बाईवर ढकललं. ती थोडीच काही बोलणार होती!"

"पण उलटं तर होतं ना?"

"होतं ना. सगळ्यांना माहीत होतं."

"सगळ्याईले?"

"प्रत्येक बॅचला. सर पहिल्याच आठवड्यात बाईपुढे उभे करायचे आणि म्हणायचे, हिच्या पोटात एक खोटं आहे, शोधून काढा. जो शोधेल त्याला त्यांच्याकडून चहा. आम्ही दिवसदिवस तिच्यापुढे उभे राहायचो. पुस्तक आणि बाई, बाई आणि पुस्तक. ती लाल नळी माझ्या बॅचचा एकही पोट्टा मरेपर्यंत विसरणार नाही."

मोतीरामजींचा दारावरचा हात सैल पडला होता. "मंग सरांनी मले काहून नाही सांगितलं?"

"सर सगळ्यांना दम द्यायचे. धकात्यांना यातलं एक अक्षर बोलायचं नाही. त्यांना कळलं तर ते बसतील आणि दुरुस्त करून टाकतील."

मग मोतीरामजी स्वतः दार उघडून उतरले. रस्त्यावर उभे राहून त्यांनी दुपट्ट्याने चेहरा पुसला, खसाखसा, भांडं घासावं तसा. मग विचारलं, "वापस परीक्षा देली मंग?"

"सहा महिन्यांनी. आठही हाडं घडाघडा म्हणून दाखवली. आता म्हणून दाखवू?"

"दाखवा."

आणि डॉक्टरीणबाईंनी रस्त्यात उभं राहून ती आठही नावं म्हटली. आतल्या बायका दारात येऊन पाहत होत्या. मोतीरामजी एकेक नावाला मान हलवत होते. नावं इंग्रजी होती, त्यांना एकही कळत नसणार.

आत नेऊन त्यांनी आम्हाला चहा दिला. मोतीरामजींनी दवाखाना फिरून पाहिला, खाटा मोजल्या, एका आडव्या पडलेल्या पोरीला उगाचच "चांगल्या हातात आहेस वं माय" म्हणाले. परत येताना ते गाडीत झोपले. तोंड उघडं टाकून, घोरत, मान माझ्या खांद्यावर. एरवी मी खांदा काढून घेतला असता. मलाही हायसं वाटत होतं. मी स्वतःला सांगितलं, सौदा मार्गी लागला म्हणून वाटतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चूल पेटवून तयार ठेवली. मोतीरामजी आले, चूल पाहिली आणि पाणी ओतून विझवली.

"आता नाही करत दुरुस्त."

"म्हणजे?"

"सरांनी ठेवली होती तशी. मी कोण बदलणारा?"

चिमटा मात्र आता पुन्हा चालू लागला. त्यांनी कानाची पाळी केली, सगळी बोटं केली, देवीच्या चेहऱ्यावरचा एकेक फोड नवा बसवला. बाईच्या पोटाला हात लावला नाही. मी ओरडलो, समजावलं, तीन दिवस जेवायला बोलावलं नाही. उपयोग शून्य.

शेवटी मी अध्यक्षांकडे गेलो आणि खरं तेच सांगितलं. दुसरा मार्गच नव्हता. अध्यक्ष काही बोलायच्या आत त्यांच्या त्या गप्प डीननी चष्मा काढला. "हे आपल्याला पाहिजे," म्हणाले. मला वाटलं, आता भाव वाढवावा. पण अध्यक्षही माझ्याच जातीचे, शून्यातून वर आलेले. त्यांनी वस्तूत चूक आहे म्हणून भाव पाडला आणि ती चूक काढायची नाही म्हणून करारात अट घातली. एकाच चुकीबद्दल दोन्हीकडून मला कापलं. आणि मला तोंड उघडता येईना, कारण दोन्ही गोष्टी माझ्याच माणसाने सांगितलेल्या. माझा राग आहे तो हा.

मोतीरामजींना मी शेवटचं पाहिलं ते त्या कॉलेजात. गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले, त्याच्या काही महिने आधी. पहिल्या वर्षाच्या मुलांना बाई दाखवायची होती. डीननी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, आणि मी पेटीच्या दाराची सैल झालेली बिजागरी बसवायला गेलो होतो. साठेक पोरं-पोरी पांढऱ्या कोटात गोल करून उभी. डीन म्हणाले, हिच्या पोटात एक खोटं आहे. शोधा.

कोणी यकृत म्हणालं, कोणी जठर. बराच वेळ गलका चालला. मग मागून एक चष्मेवाली मुलगी पुढे घुसली, पुस्तक उघडं धरून. "सर, लाल नळी! ती चुकीच्या बाजूला आहे!"

"बरोबर," डीन म्हणाले.

एक उंच पोरगा म्हणाला, "कोण बनवलं बे हे? झोपेत बनवलं काय?"

सगळे हसले. डीन अवघडले, त्यांनी मोतीरामजींकडे पाहिलं. मीही पाहिलं. हातात स्क्रू पिळायचा पेचकस होता, तो तसाच राहिला. मोतीरामजी भिंतीपासून निघून गोलाच्या मध्ये गेले.

"मी बनवलं," ते म्हणाले. "पुऱ्या जागेपणी."

पोरगा ओशाळला. मोतीरामजी मात्र रंगात आले होते. मागावर हात कसा चालतो, साचा पालथा कसा असतो, एकदा हाताने कसं फिरवलं आणि एकदा डोक्याने, सगळं हातवारे करत सांगितलं. पोरं ऐकत होती. मग त्या चष्मेवाल्या मुलीला म्हणाले, "पुस्तक बंद कर वं. हात लाव आपल्या पोटावर. लाल कुठी आहे?"

तिने हात ठेवला. "इथे. डावीकडे."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग सगळ्याईनं लावा."

बिजागरी झाली होती आणि मला दुसरीकडे माल उतरवायचा होता. मी दारातून वळून पाहिलं. साठ पोरं-पोरी आपापल्या पोटावर हात ठेवून शांत उभी होती, आणि मोतीरामजी एकेकासमोर थांबून हात बरोबर जागी आहे की नाही ते पाहत पुढे सरकत होते.